‘तेव्हा तू लहान होतीस!’

‘तेव्हा तू लहान होतीस, तुला काय आठवणार?’ हे वाक्य कधीच ऐकलं नाही अशी बाई मला अजून भेटायची आहे. माहेरच्या वाटणीचा विषय काढला की हे वाक्य येतं. आई कशाने जळाली असं मामाला विचारलं की येतं. आणि घरातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या पुरुषाने दुपारच्या सामसुमीत काय केलं, हे सांगायला तिने वीस वर्षांनी तोंड उघडलं, तर पहिलं हेच येतं. आमच्या विदर्भात ते जास्त मायेने म्हणतात, ‘पोरी, तू तवा एवढीशी होतीस वो, तुले काय याद राह्यते!’ डोक्यावरून हात फिरवून तोंड बंद करायची ही पद्धत.

मागच्या वर्षी नागपुरात पॉक्सो कायद्यावरच्या एका कार्यशाळेत एका ज्येष्ठ वकिलांनी हेच वाक्य शास्त्राची शाल पांघरून मांडलं. म्हणाले, मानसशास्त्र सांगतं की माणसाला तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही, आणि त्यानंतरच्या आठवणीही सहज घडवता येतात. मग चार-पाच वर्षांच्या मुलीच्या साक्षीवर एखाद्याला जन्माची शिक्षा कशी द्यायची? सभागृहात माना डोलल्या. माझ्या शेजारी बसलेली अंगणवाडी सेविका तेवढी कुजबुजली, ‘मंग तीन वर्षाची पोट्टी रोज येऊन मले कशी सांगते, काल बापानं मायले मारलं म्हनून?’ तिला कोणी माइक दिला नाही. म्हणून हा लेख.

वकिलांच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याशी भांडायचं तर ते आधी नीट समजून घ्यावं लागतं. मोठ्या माणसांना सर्वांत पहिली आठवण विचारली तर ती सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. त्याआधीचं जवळजवळ काही उरत नाही, आणि पुढची तीन-चार वर्षंही तुटक तुटकच आठवतात. फ्रॉइडने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या विस्मरणाला नाव दिलं. त्याने सांगितलेलं कारण आज फारसं कोणी मानत नाही, पण विस्मरण खरं आहे.

मात्र ‘मोठेपणी आठवत नाही’ आणि ‘लहानपणी आठवत नव्हतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वकीलसाहेबांनी त्या शिताफीने एक केल्या. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. मुलं तीन वर्षांची असताना त्यांच्याशी त्यांच्या आया अलीकडच्या घटनांबद्दल बोलल्या. प्राणिसंग्रहालय, वाढदिवस, असलं काही. ते बोलणं नोंदवून ठेवलं. मग वेगवेगळ्या वयाला त्याच मुलांना त्याच घटनांबद्दल विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहून कमी.

म्हणजे लहान मुलीला आठवतं. ती विसरते ती नंतर. आणि तिचा विसरण्याचा काळ हाच आपल्याकडे खटला रेंगाळण्याचा काळ असतो. पॉक्सो कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे विशेष न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची आहे आणि शक्यतो एका वर्षात खटला संपवायचा आहे. आपल्यापैकी ज्या न्यायालयाच्या व्हरांड्यात बसतात त्यांना या ३० दिवसांचं काय होतं ते मी सांगायला नको. साहेब रजेवर, वकील दुसऱ्या कोर्टात, पंच आला नाही, आरोपीला जेलमधून आणायला गाडी नाही. तारीख पडते. चार वर्षांची असताना जिच्यावर अत्याचार झाला तिला नवव्या वर्षी पिंजऱ्याशेजारी उभं करायचं, त्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला होती असं विचारायचं, आणि तिला सांगता आलं नाही की म्हणायचं, बघा, बालस्मृती विश्वासार्ह नसते! चोराने आधी दिवा विझवायचा आणि मग विचारायचं, तुला माझा चेहरा दिसला का?

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका खटल्यात आरोपीची शिक्षा कायम केली. घटना १९८६ सालची. ती लहानगी सत्र न्यायालयात उभी राहिली तेव्हा तिला प्रश्न विचारले, ती काही बोलली नाही, नुसती रडत राहिली. त्या गप्प राहण्याचा फायदा २०१३ साली उच्च न्यायालयाने आरोपीला दिला. मुलीच्या मौनाला मोठ्या बाईच्या मौनाचा न्याय लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणेपर्यंत एकोणचाळीस वर्षं गेली होती. त्याच्या महिनाभर आधी, मध्य प्रदेशातल्या एका खुनाच्या खटल्यात, सात वर्षांच्या मुलीने बापाविरुद्ध दिलेली साक्ष त्याच न्यायालयाने ग्राह्य धरली. साक्षीदाराला किमान वयाची अट नाही आणि केवळ मूल आहे म्हणून साक्ष फेकून देता येत नाही, हे पुन्हा स्पष्ट केलं. पुन्हा म्हणते, कारण हा कायदा नवा नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११८ मध्ये तो होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये तो आहे. मुलीला प्रश्न समजतो का आणि तिला त्याचं समजेल असं उत्तर देता येतं का, एवढंच न्यायाधीशाने पाहायचं. अडलंय ते कायद्याच्या पुस्तकात नाही.

बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४. शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुली, वय चारच्या आसपास. या मुलींनी आपल्या शब्दांत, दुखतंय, जायला भीती वाटते, असं घरी सांगितलं. म्हणजे त्यांची स्मृती चोख काम करत होती. काम केलं नाही ते मोठ्यांनी. आईवडिलांना पोलीस ठाण्यात तासन् तास बसवून ठेवलं, शाळेने कळवायचं ते कळवलं नाही, लोक रेल्वेरुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि दुसऱ्या मुलीचा जबाब वेळेवर घेतला नाही म्हणून पोलिसांना धारेवर धरलं. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीने मेला. पेढे वाटले गेले. ज्यांनी वाटले त्यांना मला एक विचारायचं आहे. या मुली वीस वर्षांच्या होतील तेव्हा त्यांच्याकडे काय उरलेलं असेल? शास्त्र म्हणतं की त्या वयातली स्वतःची आठवण बहुधा पुसट होईल. उरेल ते टीव्हीवर पाहिलेलं, शेजारणींच्या बोलण्यातून कानावर पडलेलं, आईच्या चेहऱ्यावरचं. ‘तुमचं म्हणणं आम्ही ऐकलं, तपासलं, आणि ते खरं ठरलं’ असं मुख्य आरोपीच्या बाबतीत त्यांना सांगणारा निकालाचा कागद कधीच असणार नाही. गोळीने खटला संपवला आणि त्याबरोबर त्यांची साक्षही संपवली.

आता खोट्या आठवणींकडे येते. हा मुद्दा आपण टाळतो, आणि टाळतो म्हणून समोरच्याच्या हातात हत्यार देतो.

ज्याँ पियाजे हा मुलांच्या बुद्धीचा एवढा मोठा अभ्यासक. त्याला स्वतःची एक आठवण स्पष्ट होती. तो साधारण दोन वर्षांचा, बाबागाडीत; पॅरिसच्या रस्त्यावर एक माणूस त्याला पळवायला येतो, दाई झुंजते, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठतात, पोलीस धावत येतो. तो पंधरा वर्षांचा असताना त्या दाईने आईवडिलांना पत्र लिहून कळवलं की ती सगळी बनवाबनवी होती. बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळही तिने परत केलं. लहानपणी घरात ऐकलेली गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर चित्र होऊन बसली होती. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी दिल्या. तीन नातेवाइकांकडून मिळवलेल्या खऱ्या, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास बाजारात हरवल्याची चौथी, रचलेली. सहा जणांनी ती चौथीही पूर्ण किंवा अर्धवट स्वतःची मानली. हे प्रयोग आरोपीचे वकील जगभर वापरतात.

मी म्हणते, वापरा. पण नीट वाचून वापरा. या दोन्ही गोष्टींत खोटी आठवण मुलाच्या मनात आपोआप उगवलेली नाही. ती मोठ्यांनी पेरली. ‘घरच्यांनी सांगितलंय’ एवढ्या बळावर ती रुजली. मग कुटुंबात पेरण्याची सत्ता कोणाकडे असते? पाच वर्षांच्या मुलीकडे, की तिच्या आजोबांकडे? आठवण पेरता येते हे सत्य असेल तर ‘असं काही झालंच नव्हतं’ हेही पेरताच येतं. ‘काका तुझे लाड करायचे’, ‘तू स्वप्न पाहिलं असशील’, ‘तू लहानपणापासून कल्पनेतच रमायचीस’. हे रोज, वर्षानुवर्षं, जेवायच्या पाटावर. प्रयोगशाळेत दोन-तीन बैठकींत माणूस फसतो, मग घरातल्या पंधरा वर्षांच्या शिकवणीने काय होत असेल? त्यावर कोणी वकील उलटतपासणी घेत नाही. संशयाचा काटा एकाच बाजूला झुकलेला का असतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

विसरण्याबद्दलही थोडं. अमेरिकेत लिंडा विल्यम्स यांनी १९९४ मध्ये १२९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी त्यांच्यावर अत्याचार झाल्याची रुग्णालयातली नोंद होती. साधारण सतरा वर्षांनी मुलाखत घेतली तेव्हा ३८ टक्के स्त्रियांनी त्या घटनेचा उल्लेखच केला नाही. नंतरच्या अशाच अभ्यासांत हे प्रमाण बरंच कमी निघालं, आणि आठवत असूनही न सांगणाऱ्या त्यात असणारच, हे धरूनही एक गोष्ट शिल्लक राहते. नोंदलेली, घडलेली घटनाही काही जणी मोठेपणी सांगत नाहीत. ‘तिने इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणजे झालं नसेल’ या युक्तिवादाला शास्त्राचा आधार नाही. केंद्र सरकारने १३ राज्यांत केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, आणि बहुतेकांनी ते आधी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो न्यूझीलंडमधला २००० सालचा एक लहानसा अभ्यास. तिथल्या मावरी लोकांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांची, युरोपीय वंशाच्या लोकांची साडेतीनची, आणि आशियाई वंशाच्यांची पावणेपाचच्या आसपासची. स्त्री-पुरुष फरक फक्त आशियाई गटात दिसला. बायकांच्या पहिल्या आठवणी पुरुषांपेक्षा उशिराच्या होत्या. नमुना छोटा आहे, त्यावर इमला रचू नये. पण मावरी घरांत मुलांना त्यांच्या जन्मापासूनचा कुळाचा इतिहास पुन्हा पुन्हा सांगतात, त्यांच्याशी मागचं बोलतात, हे त्यामागचं एक कारण अभ्यासक देतात. इतर देशांतल्या संशोधनातही दिसलंय की आई मुलाशी झालेल्या गोष्टींबद्दल जितकं सविस्तर बोलते तितकी त्याची आठवण टिकते.

आता आपली घरं पाहा. मुलाच्या बारशाला कोण कोण आलं, तो पहिलं पाऊल कुठे टाकता झाला, हे साऱ्या खानदानाला पाठ. मुलीचं? वस्तीतल्या बैठकीत मी बायांना पहिली आठवण विचारते तेव्हा कितीतरी जणी भावापासून सुरुवात करतात. ‘भाऊ झाला तवा मले मामाकडं धाडलं.’ ‘भावाले दूध देल्लं, मी पाहत होती.’ एक बाई म्हणाली, ‘माह्याबद्दल कोनी काही सांगतलंच नाही बाई, तं मले कायचं याद राहीन?’ तिच्याकडे मेंदू कमी नव्हता, तिला सांगणारं माणूस नव्हतं.

आणि आठवणीच्या खरेपणाबद्दल एवढी हळवी असलेली आपली व्यवस्था कशावर डोळे मिटून विश्वास ठेवते? तुमच्या ओळखीत १ जूनला जन्मलेले किती जण आहेत मोजा. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अंदाजाने टाकलेली ही तारीख. तीच कायद्याच्या नजरेत वयाचा पहिल्या प्रतीचा पुरावा. गुरुजींचा अंदाज दाखल्यावर चढला की सत्य होतो. मुलीने पाहिलेलं, सोसलेलं मात्र ‘बालबुद्धी’.

मुलीला सगळं लख्ख आठवत असलं तरी सुटका नसते, हेही आपण इथेच पाहिलं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरेवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवलं, इथल्या नागपूर खंडपीठाने आरोपींना शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. तिच्या स्मृतीत खोट सापडली नाही तर तिच्या चारित्र्यात सापडली. त्याच नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये बारा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात कपड्यावरून केलेला स्पर्श पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही असा निकाल दिला. पेरू देतो म्हणून घरात नेलेल्या त्या मुलीला काय झालं ते आठवत होतं, तिची आईही धावत आली होती. तेव्हा स्मृतीवर शंका घेता येईना, म्हणून कापड मधे आलं. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. आठवत नसेल तर विस्मरण, आठवत असेल तर शिकवलेलं, शिकवलेलं नसेल तर कापड!

मैत्रिणींनो, आता आपल्याकडे वळते. ‘मुलगी कधी खोटं बोलत नाही’ ही घोषणा मोर्चात ठीक आहे. समुपदेशनाच्या खोलीत ती पुरत नाही, कारण प्रश्न खोटं बोलण्याचा नाहीच. प्रामाणिकपणे बोलणाऱ्या मुलीच्या आठवणीत आपले शब्द मिसळण्याचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण १९८३ ला सुरू झालं. सल्लागारांनी शेकडो मुलांना पुन्हा पुन्हा, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले. मुलं भुयारं आणि उडणारी माणसं सांगू लागली. १९९० मध्ये सगळं एकाही शिक्षेशिवाय संपलं. त्यात खरंच काही घडलं असेल तर तेही त्या प्रश्नांखाली गाडलं गेलं. त्याचा फायदा पुढे कितीतरी खऱ्या आरोपींना मिळाला. म्हणून ‘काकांनी तुला इथे हात लावला ना?’ हा प्रश्न कळवळ्यापोटी विचारला तरी आरोपीच्या वकिलाला दिलेली ती भेट आहे. ‘काय झालं ते मला सांग’, ‘मग?’, ‘अजून?’ एवढंच विचारायचं. ‘मला माहीत नाही’ हे उत्तरही चालतं, हे तिला आधी सांगायचं.

मोठ्या बाईच्या बाबतीतही तेच. तिने जे आणलंय ते ऐकायचं. तिला जे आठवत नाही ते खणून काढायला जायचं नाही, आणि ‘तुझी ही लक्षणं म्हणजे नक्कीच लहानपणी काहीतरी झालं असणार’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. तिला साल चुकेल, फ्रॉकचा रंग चुकेल. म्हणून माणूस चुकलाच असं होत नाही. पॉक्सोखालच्या गुन्ह्याची तक्रार करायला वयाची किंवा वर्षांची मुदत नाही, हे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासूनचा. त्याआधीच्या घटनांना जुनी दंडसंहिता, आणि तिथली वाट फार अवघड. हे बाईला सरळ सांगावं, खोटी आशा लावू नये. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच नागपुरात विद्यार्थिनींचं वर्षानुवर्षं शोषण केल्याच्या आरोपावरून एका मानसोपचार समुपदेशकाला अटक झाली, ती एका माजी विद्यार्थिनीने तोंड उघडल्यावर. खटल्याचं काय व्हायचं ते होईल. पण ‘इतक्या वर्षांनी का?’ हे त्या मुलींना विचारणारे तेव्हाही निघालेच.

माझी मागणी साधी आहे. न्यायालयाकडून हवेत ते कलम ३५ चे ३० दिवस, आणि जिल्ह्याच्या विशेष न्यायालयांनी ते किती खटल्यांत पाळले याचा दरवर्षी जाहीर हिशोब. आणि आपल्या केंद्रांत, अंगणवाड्यांत, बालवाड्यांत हवी एक वही. मूल पहिल्यांदा बोलेल त्याच दिवशी त्या वहीत तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, आपण काय विचारलं आणि ते काय म्हणालं, हे लिहायचं. मूल ‘शूची जागा’ म्हणालं असेल तर ‘शूची जागा’ लिहायचं, ‘गुप्तांग’ नाही. ‘दुखलं’ म्हणालं असेल तर ‘दुखलं’. आपला अंदाज, आपला संताप त्या पानावर नको. खाली सही, आणि त्याच दिवशी कलम १९ प्रमाणे पोलिसांत खबर. कळूनही गप्प बसणं हा गुन्हा आहे. पुढच्या पाच वर्षांत मूल विसरेल, आई थकेल, साक्षीदार फिरतील. ते पान तसंच राहील. वहीचा नमुना मी केला आहे, तीन वस्त्यांतल्या सेविकांनी तो वापरायला घेतला आहे. शब्द कठीण आहेत, रकाने फार आहेत, अशी त्यांची तक्रार आहे. सुधारते आहे. तुमच्या गटात काय लिहून ठेवता, कोण लिहितं आणि ती वही कोणाच्या कुलपात असते, ते कळवा.